पेन्शन आल्यावर पुण्यात बिऱ्हाड : फौजी कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फौजेतून आलेल्या कुणालाही आमच्याकडे 'मेजर' म्हणतात. मी हवालदार क्लार्क म्हणून पेन्शनला आलो, तरी कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात मी मेजरच. चोवीस वर्षं इतरांच्या पार्ट टू ऑर्डरी (लग्न, मुलांचे जन्म अशा नोंदींचे फौजी आदेश), रजेचे फॉर्म आणि पेन्शनचे कागद करण्यात गेली, त्यामुळे आपल्या वेळी काही अडायचं नाही अशी घमेंड होती. पुण्यात बिऱ्हाड हलवल्यावर सहा महिन्यांत ती उतरली.

आता दिघीत बऱ्यापैकी बस्तान बसलंय. दर वर्षी फेब्रुवारी उजाडला की फोन सुरू होतात. कुणी पठाणकोटहून, कुणी जोधपूरहून: "भाऊ, मे एंडला पेन्शन आहे, पुण्यात कुठं बघू?" तीच तीच उत्तरं फोनवर देऊन घसा बसतो, म्हणून लिहून काढली. विचारणारे बहुतेक जवान आणि जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर), पस्तीस ते पंचेचाळीसमधले, मुलं शाळेत. अधिकाऱ्यांचं गणित वेगळं असतं, ते यात नाही.

गावात घर आहे, शेत आहे. मग पुण्यात यायचंच कशाला?

यायलाच पाहिजे असं नाही. शेताला पाणी असेल, भावाशी पटत असेल आणि मुलं पाच वर्षांच्या आतली असतील, तर दोन वर्षं गावी काढायला काहीच हरकत नाही. सातारा किंवा कोल्हापूर घ्या. पॉलिक्लिनिक म्हणजे माजी सैनिकांचा दवाखाना आहे, कँटीन म्हणजे फौजेचं सवलतीचं दुकान आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. साताऱ्यात तर १९६१ साली सुरू झालेली देशातली पहिली सैनिक शाळा आहे. सहावी आणि नववीला प्रवेश परीक्षा असते, आणि आजी-माजी सैनिकांच्या मुलांसाठी राखीव जागा असतात. "पोरांच्या शिक्षणासाठी पुणे" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं काम साताऱ्यात भागलं असतं असं माझं मत आहे.

पुणे लागतं ते नोकरीसाठी. चाकण, रांजणगाव, हिंजवडी या पट्ट्यात काम मिळतं, आणि बायकोलाही काही करायचं असेल तर इथे वाव आहे.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. "पुण्यात यावं का" हे विचारणारा नेहमी नवरा असतो. बायको वेगळंच विचारते: "सासूबाईंना कसं सांगायचं?" म्हणजे तिचं ठरलेलं असतं. आधी तिला विचारा, मग मला फोन करा.

कोणत्या भागात घर बघावं?

फौजी माणसं दोन पट्ट्यांत जास्त दिसतात. उत्तरेला दिघी, कळस, विश्रांतवाडी, धानोरी, लोहगाव आणि अलीकडे खडकी-बोपोडी. दक्षिणेला वानवडी, घोरपडी, फातिमानगर आणि तिथून पुढे हडपसर-उंड्रीकडे सरकलेली वस्ती. कारण साधं आहे: कँटीन, पॉलिक्लिनिक आणि आर्मीच्या शाळा हाताशी राहतात, आणि शेजारी फौजेतलाच असला की निम्म्या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत.

दिघी पिंपरी-चिंचवड महापालिकेत येते, शेजारची विश्रांतवाडी पुणे महापालिकेत. घरपट्टी, पाणी, जन्मदाखला अशा कामाला कुठं जायचं ते यावर ठरतं. माझा एक मित्र दोन महिने चुकीच्या महापालिकेच्या ऑफिसात खेटे घालत होता.

घर बघायला एप्रिल-मेमध्ये या. पावसाळ्यात प्रत्येक घराला चोवीस तास पाणी असतं! मालकाला विचारू नका, एजंटाला तर नाहीच. वॉचमनला चहा पाजा आणि विचारा, "टँकर दिवसाला किती येतात?" आमच्या पहिल्या घरात पहाटे पाचला टँकर रिव्हर्स घेताना जो पिंपिं आवाज करायचा, त्याने धाकटा रोज दचकून उठायचा. मला मात्र त्याचा त्रास झाला नाही. रिव्हेलीची, म्हणजे पहाटे उठवणाऱ्या बिगुलाची सवय.

हातात पैसे एकरकमी येतात. लगेच फ्लॅट घेतला तर?

थांबा. हा एक प्रश्न नीट वाचा, बाकीचे वरवर वाचलेत तरी चालेल.

पेन्शनला जाताना ग्रॅच्युइटी, ग्रुप इन्शुरन्सचे पैसे, फंड, शिल्लक रजेचे पैसे आणि कम्युटेशन असं सगळं थोड्याफार अंतराने खात्यात पडतं. आयुष्यात पहिल्यांदा बँकेच्या पासबुकात एवढी शून्यं दिसतात. त्या आठवड्यात गावातले मेहुणे, पतसंस्थेवाले आणि जमिनीचे दलाल यांना बरोब्बर वास लागतो.

पण कम्युटेशन म्हणजे बक्षीस नव्हे. ते तुमच्याच पुढच्या पेन्शनमधून काढून आगाऊ दिलेले पैसे आहेत. निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते आणि विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होतो. तोवर दर महिन्याला हातात कमीच येणार. म्हणजे चाळिशीत विकलेल्या पेन्शनचा भाग पंचावन्नला परत. मधली वर्षं म्हणजे मुलांच्या दहावी-बारावीची, कॉलेजची. ती रक्कम विटांमध्ये घातली की खर्चाच्या ऐन वेळी हात आखडतो.

मी काय केलं ते सांगतो. आलो त्या जूनमध्येच एका बिल्डरकडे बुकिंग केलं. ऑफिसात गणपतीची मोठी मूर्ती, भिंतीवर तिरंगा आणि "फौजी भाइयों के लिए खास सूट" असा बोर्ड. त्या बोर्डाला भुललो. दीड वर्षात ताबा मिळणार होता, मिळायला जवळजवळ चार वर्षं लागली. तोवर एका हाताने भाडं भरायचं, दुसऱ्या हाताने हप्ता. मिसेसने एकदाही "मी सांगितलं होतं" म्हटलं नाही. तेच जास्त लागलं.

म्हणून एक वर्ष भाड्याने राहा. चार ऋतू बघा, रस्ता बघा, शाळा बघा. मग घ्यायचंच ठरलं तर प्रकल्पाचा महारेरा क्रमांक वेबसाइटवर टाकून ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे ते पाहा. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिकांसाठी राखीव घरं असतात, तिथेही फॉर्म भरत राहा. नशिबाचा खेळ आहे, पण अनामत परत मिळते.

भाड्याच्या घराला कागद काय लागतात?

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, आणि तो नोंदवलेलाच हवा. नुसत्या स्टँपपेपरवर सही करून मोकळं होऊ नका. शाळा, गॅस, आधार सगळीकडे नोंदवलेला करारच पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. नोंदणी ऑनलाइन होते, एजंट घरी येऊन अंगठा घेतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचं काम मालकाचं, पण त्याच्या मागे लागून करून घ्या. "मी फौजी आहे, माझं कसलं व्हेरिफिकेशन" असा बाणा दाखवू नका. आता तुम्ही सिव्हिलियन आहात.

मुलांच्या शाळेचं काय? मधल्याच वर्षी प्रवेश मिळतो का?

माणूस पेन्शनला येतो महिन्याच्या अखेरीला, शाळा सुरू होतात त्यांच्या वेळेला. सीबीएसईचं वर्ष एप्रिलला, राज्य मंडळाच्या शाळा जूनला. पेन्शन ऑक्टोबरात असेल तर सरळ सांगतो, मुलांना वर्ष तिथेच पुरं करू द्या. क्वार्टर ठेवण्याची परवानगी मिळते का ते स्टेशन हेडक्वार्टरला विचारा, नाही मिळाली तर बाहेर खोली घ्या. सहा महिन्यांत दोन शाळा बदललेलं पोर पुढचं वर्षभर गप्प बसतं.

केंद्रीय विद्यालयात माजी सैनिकांची मुलं केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांबरोबर पहिल्या प्राधान्यगटात येतात. पुण्यात गणेशखिंड, सदर्न कमांड, बीईजी, लोहगाव अशी बरीच केंद्रीय विद्यालयं आहेत. पहिलीसाठी ३१ मार्चला मूल सहा वर्षांचं पूर्ण असावं लागतं. वरच्या वर्गांत जागा असली तरच मिळते. त्यामुळे टीसी काढण्याआधी पुण्यातल्या प्राचार्यांना प्रत्यक्ष भेटून या, निदान फोन तरी करा. टीसी हातात आणि शाळा कुठेच नाही, ही अवस्था वाईट. आर्मी पब्लिक स्कूल पुणे, खडकी आणि दिघीला आहेत. तिथे माजी सैनिकांच्या मुलांना घेतात, मात्र फी सेवेतल्यांच्या मुलांसारखीच असेल हे गृहीत धरू नका, आधी विचारा.

दुसऱ्या राज्यातून येताय तर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याची टीसीवर सही काही शाळा मागतात. ती तिथे असतानाच घ्या. नंतर पठाणकोटला कोण जाणार? आणि टीसी उशिरा आली म्हणून आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेने प्रवेश नाकारायचा नसतो, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. हे शाळेत भांडून नव्हे, हळू आवाजात सांगायचं. जास्त उपयोग होतो.

मुलांना मराठी लिहिता येत नाही. अडेल का?

अडेल, पण थोडे दिवस. २०२० च्या कायद्यानुसार महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं आहे. त्यामुळे हा विषय टाळता येत नाही, आणि टाळूही नये.

आमची थोरली चौथीत आली. घरात मराठी, त्यामुळे बोलायला चुरूचुरू. देवनागरी हिंदीमुळे येतच होती. बाईंना वाटलं, झालं काम. पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी सहा. वही बघितली तर सगळीकडे 'ळ'च्या जागी 'ल': 'शाला', 'फला', 'बाल'. आणि लिंगाचा घोळ. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, म्हणून 'माझी पुस्तक हरवली'. नपुंसकलिंग नावाची भानगड तिला माहीतच नव्हती. बोलताना 'माझं पुस्तक' म्हणायची, लिहिताना हिंदी मधे यायची.

शिकवणी लावली नाही. मिसेसने रोज संध्याकाळी किराणा मालाची यादी तिच्याकडून लिहून घ्यायला सुरुवात केली: डाळ, गूळ, तांदूळ, तीळ, नारळ. यादी चुकली की दुकानदार हसायचा, हीच शिक्षा. दिवाळीपर्यंत 'ळ' जागेवर आला.

युनिट सोडण्याआधी कोणते कागद तपासायचे?

क्लार्क म्हणून सांगतो, सगळ्यात आधी पार्ट टू ऑर्डर. लग्न आणि प्रत्येक मुलाचा जन्म तिथे प्रसिद्ध झालाय का, आणि नावाचं स्पेलिंग व जन्मतारीख आधारशी जुळते का. बायकोचं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, हा आपल्याकडचा नेहमीचा घोटाळा. युनिटमध्ये असताना हे काम दोन आठवड्यांचं असतं. बाहेर पडल्यावर तेच रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करून करायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, आर्टिलरीचं नाशिक रोडला, पण सिग्नलवाल्याला थेट जबलपूर.

पेन्शन आता स्पर्श पोर्टलवरून येते. लॉगिन, मोबाइल नंबर आणि ईमेल युनिटच्या क्लार्कचा नसून तुमचा आहे ना ते बघा. हसू नका, असे कितीतरी फोन येतात. बँक खातं बायकोबरोबर जॉइंट असू द्या, आणि पासवर्ड तिलाही माहीत असू द्या. हयातीचा दाखला दर वर्षी द्यायचा असतो, तो चुकला की पेन्शन थांबते.

शेवटच्या प्रवासाचं आणि सामानाचं भाडं मिळतं, शिवाय शेवटच्या मूळ वेतनाच्या ऐंशी टक्के कॉम्पोझिट ट्रान्सफर ग्रँट. कुठं स्थायिक होणार ते कागदावर आधीच नीट लिहा. गावाचा पत्ता देऊन पुण्याला सामान नेलं की क्लेमच्या वेळी उत्तरं देत बसावं लागतं.

आणि पुण्यात आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद करा. साताऱ्यात केली असेल तर ती बदलून घ्या. माजी सैनिकाचं ओळखपत्र, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, घरपट्टीचा दाखला, सगळं तिथूनच होतं. राज्य शासनाने २०२० साली माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांसाठी मालमत्ता कराच्या माफीची योजना आणली. ती एकाच घराला लागू होते, आणि अर्ज आपण करायचा असतो. आपोआप काही होत नाही.

ईसीएचएसचं कार्ड पुण्यात चालेल का? आई-वडिलांना घेता येतं का?

चालतं. ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. फक्त मूळ पॉलिक्लिनिक बदलून घ्या. वर्गणी एकदाच कापली जाते, हवालदारापर्यंत ३०,००० आणि जेसीओंसाठी ६७,००० रुपये. आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग पॅनेलवरचं हॉस्पिटल असा क्रम आहे. तातडीची वेळ आली आणि पॅनेलबाहेरच्या हॉस्पिटलात जावं लागलं, तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. हा आकडा फ्रिजवर लिहून ठेवा. अशा वेळी घरात कोण असेल सांगता येत नाही.

आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील आणि दोघांचं मिळून मासिक उत्पन्न ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी असेल, तर त्यांचं कार्ड निघतं. शेतीचं उत्पन्नही त्यात धरतात. सातबारा वडिलांच्या नावावर असेल तर उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा.

बाकी आई-वडिलांना पुण्यात आणण्याबद्दल माझा अनुभव असा की ते येतात, पंधरा दिवस राहतात, "इथं माणूस दिसत नाही" म्हणतात आणि परत जातात. त्यांच्यासाठी मोठं घर भाड्याने घेऊ नका. येतील तेव्हा गादी हॉलमध्ये टाका, त्यांना तेच आवडतं.

कँटीन कार्ड?

स्मार्ट कार्ड माजी सैनिकाचं करून घ्यावं लागतं. जुनं कार्ड बंद झालं आणि नवं यायचंय, असे दोन-तीन महिने जातातच. तेवढ्यासाठी साबण-तेल आधी भरून ठेवा. फ्रिज-वॉशिंग मशीनसारख्या वस्तू घ्यायच्या तर युनिटमध्ये असताना घेऊन सामानाबरोबर आणा.

नोकरी कोणती मिळते? सिक्युरिटीशिवाय काही आहे का?

आहे, पण वेळ लागतो आणि अभ्यास लागतो. महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के समांतर आरक्षण आहे. वयातही सूट आहे, केलेली सेवा अधिक तीन वर्षं. तलाठी, पोलीस, लिपिक या भरतीत आपली माणसं लागतात. सरकारी बँकांत लिपिक दर्जाच्या जागांत १४.५ टक्के, तर शिपाई दर्जात २४.५ टक्के आरक्षण आहे. दहावी होऊन पंधरा वर्षं सेवा झाली असेल तर गट क पदांसाठी पदवीसमान प्रमाणपत्र मिळतं, ते रेकॉर्ड ऑफिसकडून जरूर घ्या. पण पुढे एम.ए. वगैरे करायचं असेल तर हे प्रमाणपत्र चालत नाही. खरी पदवी मुक्त विद्यापीठातून सेवेत असतानाच करा.

सेवेच्या शेवटच्या दोन वर्षांत पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स असतात. युनिटवाले सोडत नाहीत ही तक्रार जुनीच आहे. तरी अर्ज करा, आणि कोर्स निवडताना "कोणता सोपा" हे नको, "पुण्यात कशाला गिऱ्हाईक आहे" हे बघा. मटेरियल मॅनेजमेंट, फायर सेफ्टी, अवजड वाहनांची दुरुस्ती यांना चाकणमध्ये विचारतात.

घोरपडीला राष्ट्रीय युद्धस्मारकासमोर महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ म्हणजे मेस्को आहे. तिथे नाव नोंदवा. सरकारी कार्यालयांना, महामंडळांना ते सुरक्षारक्षक पुरवतात. खासगी एजन्सीत जायचं तर तीन प्रश्न विचारा: ड्युटी आठ तास की बारा, भविष्यनिर्वाह निधी कापतात का, आणि साप्ताहिक सुट्टीचे पैसे कापतात का. उत्तर तोंडी दिलं आणि कागदावर द्यायला टाळाटाळ केली, तर उठून या.

मी पहिली नोकरी घेतली ती एका गोदामात सुपरवायझरची. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलगा मॅनेजर. तो मला "काका" म्हणायचा आणि मी त्याला सवयीने "साब" म्हणून टाच जुळवायचो. महिनाभर सगळं गोदाम हसत होतं. नंतर दोघांनाही सवय झाली. आता तो "मेजर" म्हणतो.

डीएससीमध्ये परत भरती होऊ का?

डिफेन्स सिक्युरिटी कोअर (लष्करी ठिकाणांवर पहारा देणारं दल) म्हणजे ओळखीचा गणवेश, ओळखीचं वातावरण, पगार वेळेवर. ट्रेनिंगला कन्नूर, मग पोस्टिंग देशात कुठंही. पैशाच्या दृष्टीने वाईट नाही. पण मग बायको-मुलं पुण्यात आणि तुम्ही पुन्हा वर्षातून दोनदा पाहुणे. मुलं दहावी-बारावी पार झाली असतील तर खुशाल जा. दुसरी-तिसरीत असतील तर मला विचारू नका, त्यांना विचारा.

(एका वहिनींचा प्रश्न) हे घरी आल्यापासून रोज खटके उडतात. असं सगळीकडे होतं का?

होतं, वहिनी. आमच्याकडेही झालं.

पठाणकोटला तीन वर्षं आम्ही एकत्र होतो. नंतर मी फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी, आणि मिसेस व दोन्ही मुलं तिथल्याच एसएफ क्वार्टरमध्ये (अशा मागे राहिलेल्या कुटुंबांसाठीचं सरकारी घर). गॅस, ताप, फी, सासरचे लग्नकार्य, सगळं मिसेसने एकटीने रेटलं. मी वर्षातून दोन महिने यायचो, तेव्हा घरात सण असायचा. पेन्शनला आलो तेव्हा मला वाटलं, आता मी घर ताब्यात घेतो. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, वर लेबलं चिकटवली. तिने काही न बोलता परत होते तसे लावले. तिसऱ्यांदा लावले तेव्हा म्हणाली, "अहो, तुमची सुट्टी कधी संपते?"

चेष्टेतच म्हणाली. पण त्याच संध्याकाळी थोरली शाळेची डायरी घेऊन आली. मी दारातच खुर्चीवर बसलो होतो, पेन माझ्या खिशात. ती माझ्या बाजूने सरळ आत गेली आणि कणीक मळणाऱ्या आईसमोर डायरी धरली. आईने हात धुतले, पुसले, सही केली. दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुणे सगळ्यांनाच नवीन होतं, पण त्या घरात नवीन माणूस फक्त मी होतो. नवीन रिक्रूट पहिल्या दिवशी पलटणीचा रूटीन बदलत नाही, हे मला चोवीस वर्षं माहीत होतं. घरी लागू करायला चार महिने लागले.

भावांना सांगतो: एक काम मागून घ्या आणि ते पूर्ण तुमचंच करा. मी शाळेच्या व्हॅनपर्यंत सोडणं आणि भाजी आणणं घेतलं. भाजीत पहिले पंधरा दिवस फसलो, नंतर जमलं. घरात आवाज कमी ठेवा. परेड ग्राउंडचा आवाज दोन खोल्यांत मावत नाही. आणि रात्र-रात्र झोप लागत नसेल, कारण नसताना हात उठावासा वाटत असेल, कँटीनची बाटली महिन्याच्या आधीच संपत असेल, तर पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते मानसोपचाराला रेफर करतात. कागदावर काय येईल याची भीती सेवेत असताना ठीक होती. आता कोणती प्रमोशन थांबणार आहे?

वहिनींना एवढंच: त्यांना बँक, सोसायटीची मीटिंग, गाडीचं सर्व्हिसिंग असली बाहेरची कामं द्या. डबे देऊ नका.

गाडी पंजाब पासिंगची आहे. मतदार यादी, गॅस?

दुसऱ्या राज्याचा नंबर बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ चालत नाही. निघण्याआधी तिथल्या आरटीओची एनओसी घ्या. गॅसचं कनेक्शन तिथेच बंद करून व्हाउचर आणा, इथे ते दाखवून नवं मिळतं. सैनिक म्हणून तुम्ही सेवा मतदार होता, बहुधा बायकोही. तिथलं नाव काढून इथे फॉर्म ६ भरा. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही.

मी अग्निवीर आहे. यातलं मला काय लागू?

घर, शाळा, भाडं हे सगळं. २०२२ च्या योजनेत चार वर्षांनंतर पेन्शन, ईसीएचएस आणि कँटीन नाही, सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी मिळतो. पंचविशीच्या आतबाहेर ती रक्कम मोठी दिसते. ती फ्लॅटच्या बुकिंगला देऊ नका, शिक्षणाला लावा. वर फ्लॅटचा प्रश्न आहे, तो दोनदा वाचा.

काळ्या ट्रंका आणाव्यात की टाकाव्यात? सामान कधी हलवावं?

दोन आणा, बाकी वाटून टाका. पुण्याच्या फ्लॅटला माळा नसतो. आमची एक ट्रंक खिडकीखाली आहे, वर गादी घातली की बसायला होते. तिच्यावरचा पांढऱ्या रंगातला माझा नंबर आणि नाव अजून तसंच आहे. धाकटा त्यावर बसून बूट घालतो. त्याला तो नंबर पाठ आहे, माझा मोबाइल नंबर नाही.

सामान जूनमध्ये हलवत असाल तर आधी पंचांग बघा. माउलींची पालखी आळंदीहून दिघी, कळस, विश्रांतवाडी या रस्त्याने पुण्यात येते, आणि त्या दिवशी हा रस्ता गाड्यांना बंद असतो. चोवीस वर्षं रोड मूव्हमेंटचे तक्ते करणाऱ्या माणसाने नेमका तोच दिवस निवडला होता. टेम्पो कळसच्या अलीकडे सकाळी नऊपासून उभा. ड्रायव्हर माझ्याकडे बघेना. शेवटी मिसेसने मागचं फळकं उघडून कँटीनच्या बिस्किटांचा खोका खाली उतरवला आणि मुलांना घेऊन रस्त्याच्या कडेला वारकऱ्यांना पुडे वाटत उभी राहिली. सामान संध्याकाळी सातला वर चढलं.